लहान व्हायला तयार नसलेल्या गोष्टी

विमानाच्या किटच्या खोक्यावर एक अपूर्णांक छापलेला असतो: १/७२. खऱ्या विमानाचं प्रत्येक माप ७२ ने भागायचं आणि येईल तेवढं प्लास्टिकमध्ये उतरवायचं. पण ७२ च का? शंभर का नाही, पन्नास का नाही? उत्तर फूट-इंचांत आहे. सहा फुटांचे ७२ इंच होतात, म्हणजे सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमधल्या ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी विमानांच्या संचांनी १९३२ मध्ये हे माप धरलं, पुढे ‘एअरफिक्स’च्या प्लास्टिक विमानांनी ते जगभर नेलं. रणगाड्यांच्या १/३५ ची गोष्ट आणखी वेगळी. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या ‘तामिया’ कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचं मोटारवर चालणारं किट काढलं. पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून रणगाडा जेवढा मोठा करावा लागला, ते प्रमाण १/३५ च्या आसपास आलं. आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृती मुख्यतः याच मापात होतात. एका बॅटरीच्या आकाराने हे ठरवलं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

गेलं वर्षभर माझ्या टेबलावर अशा प्रतिकृती होत गेल्या. भारतीय हवाई दलाचं नॅट, मग सेंच्युरियन रणगाडा, आणि शेवटी आपली जुनी विक्रांत. आता मागे वळून पाहताना निपर, चिमटे, काचकागद, एअरब्रश यांपेक्षा मनात एकच गोष्ट मोठी होऊन उभी राहते. लांबी तेवढी भागाकार निमूटपणे मान्य करते. बाकीचं जग तसं करत नाही. वजन वेगळ्या हिशेबाने घटतं, रंग घटतच नाही, मातीचा कण हट्टाने आहे तेवढाच राहतो, पाणी तर ऐकतच नाही. प्रतिकृती करणाऱ्याची सगळी कला या अडून बसलेल्या गोष्टींशी समझोता करण्यात आहे.

वजनापासून सुरुवात करू. लांबी ७२ पट घटली की पृष्ठभाग ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पट घटतो, आणि आकारमान ३,७३,२४८ पट. नॅट हे मुळातच चिमुकलं लढाऊ विमान. पंखांचा पसारा पावणेसात मीटरपेक्षा किंचित कमी, भरलेलं वजन सुमारे ४ टन. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर निर्मलजित सिंग सेखों ज्यातून एकटे लढले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले, ते हेच विमान. १/७२ मध्ये त्याचे पंख साडेनऊ सेंटिमीटरच्या आत बसतात. आणि वजन? चार टनांना पावणेचार लाखांनी भागा. अकरा ग्रॅमसुद्धा धड भरत नाहीत. घनाचा हा नियम शाळेत सगळ्यांनीच सोडवलेला असतो, पण तळहातावर विमान ठेवून तो कळतो तेव्हा अंगावर काटा येतो.

मग जाडी. किटमधल्या प्लास्टिकची भिंत साधारण एक मिलिमीटर असते. उलटा हिशेब केला तर खऱ्या विमानाचा पत्रा सात सेंटिमीटर जाड झाला! खरा पत्रा बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे प्रतिकृतीत तो ०.०१४ मिलिमीटर हवा. एवढा पातळ धातू आणायचा कुठून? स्वयंपाकघरातून. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल साधारण याच जाडीची असते. नॅटच्या रुपेरी पंखांवर मी रंग न देता हीच फॉइल चिकटवली आणि कापसाच्या बोळ्याने घासून प्रत्येक रेघेत बसवली. माझ्या विमानावरची तेवढी एकच गोष्ट जाडीसकट मापात आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र असा मार्ग नाही. ब्रशने दोन-तीन हात दिले की सहज ०.०५ मिलिमीटरचा थर चढतो. बहात्तर पट करा: साडेतीन मिलिमीटरचा लेप. खऱ्या विमानावरचा रंग दहावा हिस्सा मिलिमीटर धरला, तर प्रतिकृतीवर तो दीड मायक्रॉनपेक्षाही कमी हवा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. म्हणजे मापात बसणारा रंग प्रकाशाच्या दोन-तीन लाटांएवढा जाड! तो कोणी देऊ शकणार नाही. म्हणून रंग पातळ करायचा, एअरब्रशने धुक्यासारखा सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. घाईने दिलेल्या जाड हाताखाली पत्र्याच्या रेघा बुजतात आणि विमानाचं खेळणं होतं. मला विचाराल तर चांगल्या आणि सामान्य प्रतिकृतीतला निम्मा फरक या थरात आहे.

या रेघांचीही एक गंमत आहे. जुन्या किटांवर पत्र्यांचे सांधे उंचवट्यासारखे दिसतात, नव्या किटांवर खोलगट. खऱ्या विमानावर तर ते खोलगटच असतात, मग जुन्या कारागिरांनी उलटं का केलं? कारण किट पोलादी साच्यातून निघतं आणि साचा म्हणजे वस्तूची उलटी बाजू. साच्यात कोरलेली रेघ प्लास्टिकवर उचलून येते. प्लास्टिकवर रेघ खोल हवी असेल, तर साच्यात पोलादाची केसाएवढी भिंत उभी ठेवून आजूबाजूचं सगळं पोलाद काढावं लागतं. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवण्याचं तंत्र रुळलं तेव्हा हे सोपं झालं.

भाग जोडायला फेव्हिकॉल चालत नाही. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि थर्माकोल म्हणजे तेच पॉलिस्टायरीन, फक्त हवेने फुगवलेलं. गणपतीच्या मखराला ज्यांनी कधी थेट ऑइलपेंट लावला असेल, त्यांनी थर्माकोल विरघळताना पाहिलंय. तेच विरघळणं इथे कामाला येतं. किटचा सिमेंट म्हणजे पातळ द्रावक. सांध्याला ब्रशचं टोक टेकवलं की केशाकर्षणाने तो फटीत धावत जातो, दोन्ही कडांमधल्या रेणूंच्या लांब साखळ्या सुट्या होऊन एकमेकींत गुंततात, आणि द्रावक उडून गेला की मध्ये सांधाच उरत नाही, एकच अखंड प्लास्टिक होतं. संत्र्याच्या सालीतल्या तेलातही हा गुण आहे. त्यातल्या लिमोनीनपासून केलेला, संत्र्याचा वास येणारा सिमेंट बाजारात मिळतो. सांध्यावर उरलेल्या खाचेत लांबी भरायची आणि घासायची, हे मात्र भिंत रंगवणाऱ्यासारखंच.

आता डोळा. निरोगी डोळा ३० सेंटिमीटरवरून साधारण ०.०९ मिलिमीटरचा तपशील ओळखतो. बहात्तर पटींत ते होतात साडेसहा मिलिमीटर आणि अंतर होतं सुमारे २२ मीटर. म्हणजे हातातलं विमान बघणं हे खरं विमान धावपट्टीच्या कडेला २२ मीटरवर उभं राहून बघण्यासारखं आहे. तिथून रिव्हेट जेमतेम दिसतात किंवा दिसतच नाहीत! तरी किटवर ते ठसठशीत असतात, कारण आपल्या मनाला ते हवे असतात. नजरेच्या या भूमितीचा एकदा मोठा उपयोग करून घेतला गेला. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांकडून १/७२ ची पाच लाख विमानं करून मागितली. काळ्या रंगातली ही विमानं दहा-अकरा मीटरवर धरली की पाऊण किलोमीटरवरच्या विमानासारखी दिसत. सैनिक आणि वैमानिक त्यांवरून मित्र कोण, शत्रू कोण हे ओळखायला शिकत. मुलांच्या हातच्या लाकडी विमानांवर माणसांचे जीव अवलंबून होते.

सगळ्यात जास्त वेळ मला प्रकाशाने अडवलं. खोलीतली चार फुटी ट्यूब मनातल्या मनात ७२ पट करून पाहा: विमानाच्या दृष्टीने ती ८८ मीटर लांबीचा दिवा आहे, आभाळात टांगलेला. अशा दिव्याखाली कुठलीच सावली रेखीव पडत नाही, खाचा उजळून निघतात आणि विमान सपाट दिसतं. म्हणून सावली रंगाने काढावी लागते. गडद तपकिरी रंग थिनरमध्ये पाण्यासारखा पातळ करायचा आणि रेघेच्या एका टोकाला थेंब टेकवायचा. सिमेंटला ओढणारं केशाकर्षण त्यालाही ओढून नेतं. याला ‘वॉश’ म्हणतात. उंचवट्यांवर फिका रंग कोरडा घासायचा, ही त्याचीच दुसरी बाजू. मूळ रंगही थोडा फिकट करावा असं जाणकार सांगतात आणि कारण देतात हवेचं: दूरच्या सह्याद्रीच्या रांगा जशा निळसर, फिक्या दिसतात तसं. मला हे कारण पटत नाही. सह्याद्रीला फिकं व्हायला मधे काही किलोमीटर हवा लागते, इथे हिशेबाने २२ मीटर आहे. रंग फिका केलेला बरा दिसतो हे खरं, पण त्याचं कारण त्या पसरट, बिनसावलीच्या उजेडात असावं असं माझं मत झालंय.

आणि मग एका सकाळी विमान गच्चीवर नेलं. उन्हात ठेवल्याबरोबर ते खरं झालं! सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाचा दिसतो, माणसालाही आणि बोटभर विमानालाही. तो इतका लांब आहे की आपण कितीही लहान झालो तरी त्याचा आकार आणि दिशा बदलत नाही, त्यामुळे पंखाची सावली, तिची कड, कडेचा अंधुक पट्टा, सगळं बरोबर बहात्तर पटींनी लहान पडतं. जो कुठल्याच अपूर्णांकात मावत नाही, त्या सूर्याला भागायची गरजच पडत नाही. वर्षभरात मला सगळ्यात मोठा आनंद या शोधाने दिला.

सेंच्युरियनच्या पट्ट्यांवर चिखल हवा होता. बागेतली माती लावावी, तर तिच्यातला अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरची खडी होतो. वस्त्रगाळ चिकणमाती घेतली, तरी तिचा दोन मायक्रॉनचा कण या मापात बारीक वाळू ठरतो. मातीसारखी माती करायला म्हणून रंगद्रव्याची पूड वापरतात. निसर्ग प्रतिकृतीत जसाच्या तसा घालता येत नाही, हे दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना मात्र केव्हाच ठाऊक असतं. त्यांचं हळिवाचं रान बुरुजाच्या वर जातं आणि सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात. त्या किल्ल्यात माप अंतराचं नसतं, महत्त्वाचं असतं, आणि त्या हिशेबाने तो चोख असतो.

विक्रांत मी प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून केली, १/७०० मध्ये. तिची लांबी ७०० फूट, म्हणजे प्रतिकृती बरोबर एक फुटाची. डेकवरचा माणूस अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये ती तोडायला घेतली. पूर्ण भरलेली विक्रांत साडेएकोणीस हजार टनांची. ७०० च्या घनाने, म्हणजे ३४ कोटी ३० लाखांनी भागलं की उरतात ५७ ग्रॅम, गल्लीतल्या टेनिसच्या चेंडूएवढे. तेवढं वजन भरलं तर ती पाण्यात बरोबर आपल्या रेघेपर्यंत बुडेल.

पण ते पाणी समुद्र दिसणार नाही. साधारण १.७ सेंटिमीटरपेक्षा आखूड लाटांवर गुरुत्वापेक्षा पृष्ठताणाची सत्ता जास्त चालते, आणि १.७ सेंटिमीटर म्हणजे माझ्या जहाजाच्या जगात १२ मीटर. खऱ्या समुद्रावर जहाजाभोवती ज्या छोट्या लाटा फुटतात, फेसाळतात, त्या परातीतलं पाणी काढूच शकत नाही. ते ताणलेल्या कातड्यासारखं गुळगुळीत वागतं. म्हणून प्रतिकृतीतला समुद्र पारदर्शक ॲक्रिलिक जेलचा करतात. समुद्र पाण्याचा करता येत नाही!

काळही तसाच हट्टी. टेबलावरून पडलेला भाग ०.४ सेकंदात जमिनीवर येतो. १/७२ मध्ये ती उंची ५४ मीटर, आणि तिथून खऱ्या विमानाचा तुकडा पडायला सव्वातीन सेकंदांहून जास्त लागतील. फरक ७२ पटींचा नाही, ७२ च्या वर्गमुळाचा, म्हणजे साडेआठ पटींचा. चित्रपटात छोटी प्रतिकृती कोसळताना दाखवायची तर कॅमेरा म्हणूनच वेगाने चालवतात. प्रतिकृती १/२५ ची असेल, तर सेकंदाला २४ ऐवजी १२० चौकटी.

इंग्लंडमधल्या विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्की इथे लांब हौद बांधून जहाजांच्या प्रतिकृती ओढल्या आणि हा वर्गमुळाचा नियम जहाजबांधणीत आणला. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे धरणं, नद्या, बंदरं यांच्या प्रतिकृती उभारून त्यांत खरं पाणी सोडतात. पृष्ठताणाने घोटाळा करू नये म्हणून अशा प्रतिकृती मोठ्या ठेवाव्या लागतात, टेबलावर न मावणाऱ्या. लांबी-उंची दोन्ही १/१०० धरली तर वेळेचा भाजक १० येतो, आणि भरतीपासून भरतीपर्यंतचे १२ तास २५ मिनिटं ७५ मिनिटांत उरकतात. पाच सेंटिमीटरची लाट म्हणजे पाच मीटरची. बंधाऱ्यावरचा दहा टनांचा काँक्रीटचा ठोकळा दहा लाखांनी भागला जातो आणि होतो दहा ग्रॅमचा. तो दहा ग्रॅमचा ठोकळा लाटेने जागचा हलला, तर अभियंते खऱ्या समुद्रासाठी जास्त वजनाचा ठोकळा घेतात.