चाकांवरचें बिऱ्हाड आणि तरुणांची शिदोरी

प्रवासास निघालेल्या मुलाला रिकाम्या हातानें जाऊं द्यावयाचें नाहीं, ही आपल्याकडील घरोघरची रीत आहे. गाडी दारांतून हलण्यापूर्वीं शिदोरीचा डबा पिशवींत जातोच. परंतु ही शिदोरी कितीहि मायेनें बांधलेली असली, तरी ती तिसऱ्या दिवशीं संपते. प्रवास पंधरा दिवसांचा असेल तर उरलेले बारा दिवस काय खावयाचें, हा प्रश्न त्या मुलानें किंवा मुलीनें स्वतःच सोडवावयाचा असतो. तो सोडवण्याची रीत कठीण नाहीं. मात्र तिच्यामागचें कारण एकदां नीट समजून घेतलें पाहिजे.

लांबचा प्रवास म्हणजे आगगाडी, असें समीकरण पुष्कळ वर्षें होतें, आणि आगगाडींत खाण्याची चिंता स्टेशनागणिक मिटत असे. आतां तरुण मंडळी स्वतःची किंवा भाड्याची मोटार घेऊन आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस बाहेर पडतात. नागपूरच्या तरुणांना तर हा मोह पडावा अशीच या शहराची जागा आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपुरावरून जातो. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून ओडिशांतील पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा मार्गहि नागपुरावरूनच जातो. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं प्रथम नागपूर ते शिर्डी असा खुला झाला, व ५ जून २०२५ रोजीं पुरा झाला. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यापासून, ज्यांत निजण्याची व स्वयंपाकाची सोय असते अशा मोटारींचें नांवहि कानांवर येऊं लागलें आहे. अशी मोटार म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाडच. चार मित्रांनीं मिळून साधी जीप, एक तंबू व एक लहान शेगडी घेतली, तरी तेंहि बिऱ्हाडच होय. आणि बिऱ्हाड म्हटलें कीं चूल आली.

फिरतें बिऱ्हाड या प्रदेशाला नवें नाहीं. वऱ्हाड-मराठवाड्याच्या वाटांनीं बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून पिढ्यान् पिढ्या फिरले. पंढरीचे वारकरी अजूनहि आठवडेच्या आठवडे पायीं चालतात. जुन्या काळच्या या प्रवाशांपाशीं शीतपेटी नव्हती, बंद पाकिटें नव्हतीं. तरी कोणता पदार्थ किती दिवस टिकतो याचें ज्ञान त्यांच्यापाशीं होतें. आजच्या तरुणांपाशीं साधनें आहेत; उणीव आहे ती या ज्ञानाची.

प्रवासाचा बेत करतांना तरुण मंडळी बहुधा ‘काय खावयाचें’ याची चर्चा करतात. खरा प्रश्न ‘कोणत्या क्रमानें खावयाचें’ हा आहे. तो न सोडवतां निघालें कीं दोनच वाटा उरतात. एक, दोन्ही वेळां ढाब्यावर तेलातुपाचें जेवण. दुसरी, पाकिटांतल्या शेवयांवर दिवस काढणें. पहिलीनें पैसा व पोट दोन्ही लवकर रिकामीं होतात. दुसरीनें भूक मरते पण पोषण होत नाहीं. शिवाय चौघांपैकीं एकाचें पोट बिघडलें कीं चौघांचा प्रवास थांबतो, हें ध्यानांत ठेवावें.

अन्न बिघडतें तें ओलाव्यानें. हवेंत, हातावर, भांड्यावर सर्वत्र असलेल्या सूक्ष्म जंतूंना वाढण्यास पाणी व ऊब हीं दोन लागतात. पांच अंशांपासून साठ अंशांपर्यंतची ऊब त्यांना मानवते, आणि अनुकूल स्थितींत कांहीं जंतू दर वीस मिनिटांनीं दुप्पट होतात. म्हणूनच शिजवलेलें ओलें अन्न दोन तासांहून अधिक वेळ तसेंच ठेवूं नये, आणि कडक उन्हाळ्यांत एक तासांतच संपवावें, असा नियम आहे. नागपूरच्या वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत बाहेरच्यापेक्षां वीस अंशांपर्यंत अधिक उष्मा सांठूं शकतो. अशा मोटारींत सकाळचा वरणभात दुपारपर्यंत ठेवणें म्हणजे जंतूंना आवतण देणेंच होय. उलट ज्यांतील पाणी भाजून, तळून किंवा वाळवून काढून टाकलें आहे, अशा पदार्थांत ऊब असली तरी जंतूंना वाढतां येत नाहीं. हें एक तत्त्व समजलें कीं पुढचें सर्व आपोआप उलगडतें. ओलें आधीं, दमट मग, कोरडें शेवटीं, हाच शिदोरीचा क्रम.

पहिल्या दिवशीं घरची पोळी व बटाट्याची कोरडी भाजी न्यावी आणि ती पहिल्याच थांब्यावर खाऊन संपवावी. भाजींत ओला नारळ व टोमॅटो घालूं नये. तीं भाजी लवकर आंबवतात. दुसऱ्या दिवसासाठीं तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या घ्याव्यात. दशमीची कणीक पाण्याऐवजीं दुधांत भिजवतात. त्यामुळें ती मऊ राहते, आणि सोवळ्याच्या जुन्या समजुतीप्रमाणें ती प्रवासांत चालत असे. परंतु दुधांतहि पाणी आहेच. म्हणून दशमी कितीहि दिवस टिकते हा समज खरा नव्हे. थंडींत ती दुसऱ्या दिवशीं निर्धास्त खावी, भर उन्हाळ्यांत मात्र निघाल्या दिवशींच संपवावी. पुऱ्या किंवा दशम्या गरम असतांना डब्यांत भरूं नयेत. वाफेचें पाणी झांकणास लागतें व तेंच परत त्यांच्यावर ठिबकतें; पुष्कळ शिदोऱ्या अशाच वाया जातात.

तिसऱ्या दिवसापासून कोरड्या डब्याचें राज्य सुरू होतें, आणि येथें विदर्भाची तरी कोठेंहि अडचण पडूं नये. जवसाची चटणी, दाण्याची चटणी, मेतकूट, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मुरमुरे, गूळ, सांडगे, पोहे व सातूचें पीठ इतक्या वस्तू स्वच्छ कोरड्या डब्यांत भरल्या कीं पंधरा दिवस चिंता नाहीं. त्यांत ओला चमचा तेवढा बुडवूं नये. यांपैकीं सातू व पोहे हे विशेष उपयोगाचे. सातूसाठीं गहूं व हरभऱ्याची डाळ आधींच भाजून दळलेली असते, म्हणून तें पीठ पुन्हां शिजवावें लागत नाहीं. पाण्यांत गूळ विरघळवून त्यांत कालवलें कीं न्याहारी झाली. पोहे करतांना भात भिजवून, भाजून मगच कुटतात. त्यामुळें तेहि भिजवतांच मऊ होतात. दडपून, वर शेंगदाणे व तिखट-मीठ घालून खाल्ले तर शेगडी पेटवण्याचेंहि कारण नाहीं. मराठवाड्यांतील येसर याच जातीचें. धान्यें, डाळी व मसाले भाजून केलेलें हें पीठ फोडणीच्या पाण्यांत कालवून उकळलें कीं दहा मिनिटांत आमटी तयार होते.

सकाळ अशी विस्तवावांचून निभावली कीं संध्याकाळीं एकदांच चूल पेटवावी व एकाच भांड्यांत होईल तो पदार्थ करावा. अमरावती जिल्ह्यांत जन्मलेले गाडगे महाराज ज्या गाडग्यावरून ओळखले जात, तेंच त्यांचें जेवणाचें व पाणी पिण्याचें भांडें होतें. प्रवाशानें त्यांची भांडीं वाढूं न देण्याची ही वृत्ति घ्यावी. चौघांसाठीं दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ धुऊन, हळद, मीठ व फोडणी देऊन, नऊ वाट्या पाण्यांत कुकरमध्यें तीन शिट्यांपर्यंत शिजवली कीं मऊ खिचडी होते. वाटेंत मिळेल ती पालेभाजी किंवा गाजर तींतच टाकावें. दुसऱ्या दिवशीं पिठलें करावें. एक वाटी बेसनास तीन वाट्या पाणी पुरतें, आणि गावांतून घेतलेल्या ताज्या भाकऱ्या त्याबरोबर उत्तम लागतात. तिसऱ्या दिवशीं नागपुरी गोळाभात करावा. हरभऱ्याच्या डाळीच्या जाडसर पिठांत तेल, तिखट व मीठ घालून वळलेले गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवले कीं भाताच्या वाफेनेंच शिजतात. भात व कालवण एकाच भांड्यांत होतें. येसराची आमटी व भात हा चौथा दिवस. पांचव्या दिवशीं पुन्हां खिचडी आली तरी कोणी कंटाळत नाहीं.

मात्र उरलेला भात सकाळीं फोडणीस देण्याची घरची संवय प्रवासांत सोडावी. बॅसिलस सीरियस नांवाच्या जंतूचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि मरत नाहींत. भात कोंबट राहिला कीं तीं रुजतात, आणि त्यांपासून होणारें विष पुन्हां तापवल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. घरीं भात लगेच शीतपेटींत ठेवतां येतो. रानांत तें साधत नाहीं. म्हणून मोजून शिजवावें व उरवूं नये.

डोंगरांत गेल्यावर आणखी एक अडचण येते. समुद्रसपाटीपासून दर तीनशें मीटर चढलें कीं पाणी उकळण्याचें तापमान सुमारें एक अंशानें उतरतें. पंचमढीस तें साधारण ९६ अंशांवर उकळतें, तर लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीच्या ठिकाणीं ८८ अंशांच्या आसपासच. तेथें उघड्या पातेल्यांत तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कच्चीच राहते, आणि मुलें डाळीला दोष देतात. कुकर वाफ कोंडून तापमान वाढवतो, म्हणून ४४ क्रमांकाच्या मार्गानें उत्तरेस चढणाऱ्यांनीं सामानांतून दुसरें कांहींहि गाळावें, कुकर गाळूं नये.

पाण्याचा हिशेबहि आधींच मांडावा. उन्हाळ्यांत माणशीं तीन ते चार लिटर पाणी पिण्यास लागतें, स्वयंपाकाचें व भांड्यांचें निराळें. जुलाब सुरू झाले तर एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें. आराम न पडल्यास दवाखाना गांठावा. संत्र्यांच्या हंगामांत निघणाऱ्यांनीं एक करंडी बरोबर घ्यावी. साल हीच तिची वेष्टनें, आणि धुण्याकापण्याची खटपट नाहीं.

आतां विस्तवाविषयीं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर तो वर न जातां मोटारीच्या तळाशीं सांठतो, आणि एका ठिणगीनें पेटतो. बंद जागेंत शेगडी जळली तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा रंग व वास नसलेला विषारी वायु तयार होतो; त्यानें झोंपेंतच प्राण जाऊं शकतो. यास्तव शेगडी मोटारीबाहेर, मोकळ्या सपाट जमिनीवर पेटवावी, पाऊस व थंडी असली तरी ती तंबूंत घेऊं नये, आणि काम झाल्यावर सिलिंडरची कळ बंद झाली कीं नाहीं हें एकानें पाहावें व दुसऱ्यानें पुन्हां पाहावें. चूल केव्हांहि द्रुतगति मार्गाच्या कडेस मांडूं नये. ठरलेल्या थांब्यावर किंवा मुक्कामींच मांडावी. समृद्धि महामार्ग नवा असतांना त्यावर उपाहारगृहें विरळ होतीं, तेव्हां कोरडा डबा जवळ असलेल्यांनाच निश्चिंतपणा होता. आजहि पुढचा थांबा किती दूर आहे हें ठाऊक नसतांना तोच डबा धीर देतो.

दुपारच्या जेवणाची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. लांब, सरळ रस्ता डोळ्यांवर झांपड आणतो, आणि भर दुपारचें जड जेवण तिला हात देतें. म्हणून ज्याच्या हातीं चाक आहे त्यानें दुपारीं ताक, फळें, मूठभर फुटाणे किंवा दडपे पोहे एवढ्यावर राहावें, व पोटभर जेवण गाडी मुक्कामीं लागल्यावर घ्यावें. त्याला आग्रह करून वाढणें हें प्रेम नव्हे. डोळे जड झाले तर गाडी सुरक्षित थांब्यावर नेऊन वीस मिनिटें झोंप घ्यावी. चहा हा झोंपेचा पर्याय नाहीं.

राहतां राहिली कामाची वांटणी. सहलींत एखादी मुलगी असली कीं स्वयंपाक तिच्याकडे सरकतो, ही संवय निघण्यापूर्वींच मोडावी. एकानें पाणी आणावें, एकानें भाजी चिरावी, एकानें शेगडी सांभाळावी, एकानें भांडीं घांसावीं, आणि रोज पाळी बदलावी. निघण्याच्या आदल्या रविवारीं त्याच शेगडीवर, त्याच कुकरांत, घरच्या अंगणांत चौघांनीं मिळून एकदां खिचडी करावी. काडेपेटी विसरली आहे, चाकू बोथट आहे, कुकरचें रबर फाटलें आहे, हें सर्व त्या दिवशीं अंगणांतच कळतें. रात्रीं आठ वाजतां आदिलाबादच्या पुढें कळत नाहीं. अंगणांतल्या त्या खिचडीच्या वेळीं आईनें शेजारीं बसावें, विचारलें तर सांगावें, पण पळी हातांत घेऊं नये. डब्यांत बांधून दिलेलें तीन दिवस पुरतें. या सकाळीं मुलें जें शिकतील तें पुढच्या प्रत्येक प्रवासास पुरेल.