डाळ घरणीतच तुटते असं नाही!

मेहरूणजवळच्या जळगाव एमआयडीसीत डाळ मिलमधली तूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना बकेट एलिव्हेटरने पुन्हापुन्हा वर चढते आणि पाइपातून खाली येते. तुकडा वाढला की दोष घरणीला, म्हणजे भरडण्याच्या यंत्राला, दिला जातो. माझ्या मते आधी ही वाहतूक तपासावी. ३ मीटरवरून सरळ पडलेला दाणा ताशी जवळपास २५ किलोमीटर वेगाने आदळतो. वेग दुप्पट झाला तर आघाताची ऊर्जा चौपट होते. स्क्रू कन्व्हेयरमध्ये तर पातं आणि नळी यांच्यामधल्या फटीत दाणा चिरडला जातो. म्हणून साल निघालेल्या डाळीसाठी सावकाश चालणारा एलिव्हेटर, उतरता पाइप आणि तळाशी रबराचा पत्रा हवा.

कुणी म्हणेल, स्क्रू स्वस्त आहे, बंदिस्त आहे, धूळ उडत नाही. खरंय, म्हणून तो भुसा आणि चुनीसाठी जरूर वापरावा, तिथे तुटण्याची भीती नाही. दुसरा आक्षेप असा, की एलिव्हेटरचा पट्टा सावकाश केला तर माल पुढे न फेकला जाता मागे सांडतो आणि उत्पादन घटतं. साध्या एलिव्हेटरमध्ये हे होतंच. पण बकेटा एकमेकींना लागून बसवल्या, की पुढच्या बकेटीच्या पाठीवरून डाळ अलगद घसरते आणि कमी वेगातही माल तेवढाच निघतो. खर्च थोडा वाढतो, हे मान्य. पण तुकडा पशुखाद्याच्या भावात जातो आणि अख्खी डाळ डाळीच्या भावात. प्रत्येक एलिव्हेटरच्या आधी आणि नंतर मूठभर नमुना घेऊन तुकडा तोलून बघा, गळती नेमकी कुठे आहे ते कळेल.