वडीलधाऱ्यांच्या मापाची गाडी

गाडी घेण्याचा विषय आरोग्याच्या पाक्षिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझ्या दवाखान्यात मात्र तो गेली अनेक वर्षे नेमाने येतो. रक्तदाब मोजून होतो, औषधे लिहून होतात आणि निघता निघता मुलगा किंवा सून विचारते, "डॉक्टर, आईंना चढायला सोपी पडेल अशी कोणती गाडी बघावी?" हा प्रश्न ऐकला की मला बरे वाटते. कारण बहुतेक घरांत तो गाडी दारात येऊन, तिला हार घालून झाल्यावरच सुचतो.

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या एका रुग्ण बाईंच्या घरी चांगली, पण बसकी सेडान गाडी होती. दोन्ही गुडघे झिजलेले. तीत बसताना अंग अक्षरशः खाली टाकावे लागे आणि उतरताना दोघांनी दोन हात धरून ओढावे लागे. लोक पाहतात, याचा त्यांना मनस्वी संकोच वाटे. प्रथम त्यांनी लग्नकार्यांना जाणे सोडले, मग बहिणीकडे जाणे सोडले, पुढे डोळ्यांची तपासणीही "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून लांबवीत गेल्या. घरातल्यांची समजूत अशी की, आईंना आता बाहेर पडण्याची हौसच उरली नाही. वस्तुतः अडचण हौसेची नव्हती, आसनाच्या उंचीची होती. म्हातारपणी हिंडणे-फिरणे थांबले की मांड्यांचे स्नायू झपाट्याने झडतात, तोल जाऊ लागतो, पडण्याचा धोका वाढतो आणि बाहेर पडणे आणखी अवघड होते. हे चक्र मी इतक्या घरांत पाहिले आहे, की गाडीची निवड हा मला वैद्यकीय सल्ल्याचाच एक भाग वाटतो.

आता बाजारात ज्यांना सरसकट 'एसयूव्ही' म्हणतात, त्यांच्यात दोन जाती आहेत. एक, ट्रकसारख्या स्वतंत्र सांगाड्यावर उभारलेली उंच, दणकट गाडी. स्कॉर्पिओ किंवा फॉर्च्युनर ही तिची उदाहरणे. दुसरी, मोटारीप्रमाणेच सलग कवचाची, पण थोडी उंच बांधणीची. हिलाच क्रॉसओव्हर म्हणतात. क्रेटा, सेल्टोस, ग्रँड विटारा, हायरायडर, एलिव्हेट या मध्यम आकाराच्या गाड्या या वर्गातल्या. लांबी साधारण ४.३ मीटर आणि नव्या गाडीची किंमत प्रकारानुसार ढोबळमानाने दहा ते वीस लाखांच्या घरात. सेडानमध्ये खाली बसावे लागते, दणकट एसयूव्हीत वर चढावे लागते. क्रॉसओव्हरमध्ये, माप जुळले तर, सरळ बाजूला सरकून बसता येते. झिजलेल्या गुडघ्यांना आणि आखडलेल्या कमरेला हीच गोष्ट मोलाची आहे.

पण माप जुळले तर. विक्रेते 'ग्राउंड क्लिअरन्स' मोठ्या अभिमानाने सांगतात. एलिव्हेटचा २२० मिलिमीटर, क्रेटाचा १९०, वगैरे. हा आकडा खड्ड्यांसाठी उपयोगाचा आहे, आजींसाठी नाही. आजींसाठी जमिनीपासून आसनाच्या कडेपर्यंतची उंची हवी, आणि ती माहितीपत्रकात बहुधा सापडत नाही. ती मोजायला कापडाच्या दुकानातली टेपही पुरते. त्याहून सोपी परीक्षा अशी: वडीलधाऱ्या व्यक्तीने उघड्या दाराशी गाडीकडे पाठ करून उभे राहावे. आसनाची कड नितंबांच्या किंचित खाली, मांडीच्या वरच्या भागाला टेकली, तर माप बरोबर. कड गुडघ्यामागे लागली तर गाडी बसकी; कमरेच्या वर गेली तर उंच. पाच फूट उंचीच्या आजी आणि पावणेसहा फुटांचे आजोबा यांची मापे अर्थातच वेगळी येतील. तेव्हा दोघांपैकी ज्याचे सांधे अधिक दुखतात, त्याचे माप धरावे.

म्हणूनच माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला हा, की गाडी पाहायला घरातल्या ज्येष्ठांना बरोबर न्यावे. "त्यांना कशाला त्रास?" हे वाक्य मी फार ऐकतो. एक दिवसाचा त्रास वाचवून दहा वर्षांचा त्रास विकत घेण्यात शहाणपण नाही. शोरूममध्ये त्यांना पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांनी, निदान तीनतीनदा बसवून उतरवून पाहावे. पहिल्यांदा उत्साहात सगळेच चढतात. खरे काय ते तिसऱ्या वेळी कळते.

बसण्याची रीतही या निमित्ताने शिकून घ्यावी. एक पाय आत टाकून, मान वाकवून, मग अंग आत ढकलण्याची जी आपली सवय आहे, ती म्हातारपणी घातक ठरते. सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि तोल जातो. आधी पाठमोरे होऊन आसनावर बसावे, मागे सरकावे आणि मग दोन्ही पाय जोडून आत घ्यावेत. आसनावर एखादी गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली, तर वळणे सोपे जाते. बसून झाल्यावर ती काढून घ्यावी, नाहीतर ब्रेक लागताच माणूस घसरतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना शल्यचिकित्सक सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नका असे बजावतात. त्यांचे गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत इतके आसन उंच हवे. अशा वेळी पुढचे आसन पूर्ण मागे सरकवून, पाठ थोडी कलती करून तेथे बसवणे सोयीचे पडते.

दाराचा उंबरठाही पाहावा. काही गाड्यांत तो इतका रुंद असतो, की पाय जमिनीवर टेकवायला दूर लांबवावा लागतो. मागचे दार किती उघडते, चाकाच्या कमानीमुळे ते खालच्या बाजूस अरुंद झाले आहे का, वर धरायला मूठ आहे का, हे सारे बसून-उतरूनच उमगते. पार्किंगची जागा अरुंद असली, तर दार कितीही रुंद उघडणारे असो, भिंतीला अडणारच. तेथे ज्येष्ठांना फाटकाशीच उतरवण्याचा परिपाठ ठेवावा.

सात आसनी गाडीचा मोह अनेकांना होतो. नातवंडे, पाहुणे, सगळे एकत्र. त्यात तिसऱ्या ओळीत कोणी बसायचे, हे आधी ठरवावे, कारण ती ओळ मागच्या चाकांवर असते आणि प्रत्येक हादरा तेथे थेट पोचतो. ठिसूळ हाडांच्या वृद्ध स्त्रीला एखाद्या गतिरोधकावरून जोरात गेल्याने मणक्याचा अस्थिभंग होऊ शकतो. कंबर धरली म्हणून आलेल्या रुग्णाला मी "गाडीत मागे बसला होता का?" असे आवर्जून विचारतो. तिसरी ओळ तरुणांसाठी ठेवावी. तीच गोष्ट चाकांची. वरच्या किमतीच्या प्रकारांत मोठी, चकचकीत चाके आणि पातळ कडांचे टायर येतात. दिसायला देखणे, पण खड्ड्यांचा हिशेब पाठीला चुकवावा लागतो. एकाच गाडीचे साधे चाक असलेला प्रकार बहुधा अधिक मऊ चालतो. चाचणीसाठी गाडी चालवायला मिळाली, की विक्रेता गुळगुळीत रस्त्याने नेतो. आपण ती आपल्या गल्लीतल्या गतिरोधकांवरून न्यावी आणि स्वतः मागच्या आसनावर बसावे.

ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आहे, त्यांनी तीही शोरूममध्ये न्यावी. डिकीचे लिटर ऐकून काही कळत नाही. घडीची साधी लोखंडी खुर्ची १५ ते २० किलोंची असते. ती उचलून डिकीच्या कडेवरून आत ठेवायची, तीही बहुधा पन्नाशीच्या सुनेने किंवा मुलाने. कड जितकी उंच, तितका तिचा भार त्यांच्या कमरेवर. काळजी घेणाऱ्याची पाठ गेली, तर घरात एकाचे दोन रुग्ण होतात. ग्रँड विटारा आणि हायरायडर यांच्या 'स्ट्राँग हायब्रिड' प्रकारांत बॅटरीमुळे डिकी बरीच लहान होते. सीएनजीच्या टाकीनेही तसेच होते. इंधनाची बचत खरी, पण खुर्ची मग मागच्या आसनावर प्रवास करते आणि माणसाला जागा उरत नाही.

घरातले ज्येष्ठ स्वतः गाडी चालवणार असतील, तर विचार आणखी वेगळा. डाव्या गुडघ्याचा संधिवात आणि शहरातला क्लच यांचे मुळीच जमत नाही. तेथे स्वयंचलित गिअर ही चैन नव्हे. मात्र सगळे स्वयंचलित गिअर सारखे नसतात. स्वस्त एएमटी गिअर बदलताना हलका हिसका देतो, आणि ज्यांना गाडी लागते त्यांना तो सोसत नाही. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर अधिक सुरळीत. मानेचे मणके आखडलेल्यांना मागे वळून पाहता येत नाही, म्हणून मागचा कॅमेरा आवश्यक समजावा. एसी आणि काच पुसण्याची बटणे हाताला चाचपून सापडणारी असावीत. पडद्यावर बोट फिरवून एसी कमी करताना नजर रस्त्यावरून हटते. चाळिशीनंतर परवान्यासाठी लागणाऱ्या 'नमुना १-अ' या प्रमाणपत्रावर आम्ही डॉक्टर सही करतो. ही सही म्हणजे निव्वळ उपचार नाही. मोतीबिंदू असेल, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर आधी डोळे दुरुस्त करावेत, मग गाडी निवडावी.

सुरक्षिततेबाबत थोडेच, पण निक्षून सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनसीएपी' ही आपल्याकडची अपघात-चाचणी सुरू झाली आहे. गाडीला तिचे किंवा 'ग्लोबल एनसीएपी'चे किती तारे आहेत, ते विचारावे. पण तारे पट्टा बांधणाऱ्यालाच उपयोगी पडतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री मृत्युमुखी पडले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी अत्यंत महागडी होती. मागच्या आसनावरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि तो न लावल्यास एक हजार रुपयांचा दंड आहे. ज्येष्ठांची तक्रार असते की, पट्टा गळ्याला काचतो. ती खरी असते, म्हणून बसवून पाहताना पट्टाही लावून पाहावा. तो खांद्यावरून आणि ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे. जाड, मऊ उशी घेऊन बसणे टाळावे. धक्का बसताच शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते. आणि हो, ज्या आसनांच्या कडेत एअरबॅग आहेत, त्यांवर बाहेरून शिवलेली जाड कव्हरे चढवू नयेत. एअरबॅग उघडायला अडथळा होतो.

नवी की जुनी? पैसा बहुतेक वेळा ज्येष्ठांच्याच निवृत्तीच्या पुंजीतून जातो, म्हणून माझे मत स्पष्ट आहे. औषधपाण्याची आणि आकस्मिक शस्त्रक्रियेची तरतूद मोडून नवी गाडी घेऊ नये. महिन्यातून दोनदा रुग्णालयात जाण्यापुरतीच गाडी हवी असेल, तर चालकासह भाड्याची गाडी स्वस्त पडते, आणि दाराशी उतरवून तो पार्किंग शोधायला जातो ही सोय वेगळीच. त्याहून अधिक वापर असेल, तर तीन-चार वर्षे वापरलेली, देखभालीच्या नोंदी पूर्ण असलेली, एका मालकाची क्रॉसओव्हर मला पुष्कळ घरांसाठी योग्य वाटते.

जुनी गाडी मात्र नाकाने तपासावी. काचा बंद करून आत दहा मिनिटे बसावे. कुबट, ओलसर वास आला, तर गालिच्याखाली बुरशी असू शकते. दमेकरी आजोबांना ती गाडी नको. सुगंधी फवाऱ्याचा दरवळ फार असेल, तर संशय अधिक घ्यावा. २००५ साली मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात पुराचे पाणी घरादारांत शिरले. अशा पाण्यात बुडालेल्या गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या जाऊ शकतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत चिखलाची रेघ दिसली किंवा आसनाखालच्या पट्ट्यांना गंज असला, तर नमस्कार करून निघावे. एसीची जाळी पहिल्याच दिवशी बदलून घ्यावी. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा ठसा असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वर नक्षी शाबूत असली, तरी इतके जुने रबर कडक झालेले असते. ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगावा.

कागदपत्रांत नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. कर्ज फेडलेले असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. ही धावपळ मुलांनी करावी. त्या काळात ज्येष्ठांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीत रोज दोनदा बसण्या-उतरण्याचा सराव करावा, पायांत मागे पट्टा असलेली चप्पल घालून.