केस पेपरातलं संशोधन

हृदयाची झडप बदललेल्या आजी वॉरफरिनवर आहेत. रक्त पातळ ठेवणारं हे औषध त्यांना अनेक वर्षं मानवलेलं. मग पोट बिघडतं, मेट्रोनिडाझोल सुरू होतं आणि काही दिवसांत हिरड्यांतून रक्त यायला लागतं. दोन्ही औषधं आपापल्या जागी योग्यच. पण मेट्रोनिडाझोलमुळे वॉरफरिनचा निचरा मंदावतो आणि रक्त हवं त्याहून पातळ होतं. डॉक्टरांबरोबर राउंडला असलेला क्लिनिकल फार्मासिस्ट केस पेपरावर ही जोडी पाहून थांबतो, रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आयएनआर तपासायला सांगतो, वॉरफरिनचा डोस कमी करायला सुचवतो.

ही झाली रुग्णसेवा. संशोधन सुरू होतं ते पुढच्या प्रश्नापासून: फार्मासिस्ट राउंडला असल्याने असे अपाय खरंच कमी होतात का? आणि झाले, तर ते त्याच्यामुळेच हे कशावरून?

याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधलं आहे. ल्युसियन लीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका आयसीयूच्या राउंडमध्ये अनुभवी फार्मासिस्टला सामील केलं. तो येण्याआधीची, १९९३ची स्थिती आणि नंतरची, १९९४-९५ची स्थिती रुग्णांच्या नोंदी तपासून मोजली. औषध लिहिताना झालेल्या चुकांमुळे होणारे, टाळता येण्याजोगे अपाय दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होते, ते ३.५ वर आले. औषधं लिहिण्याबाबत फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी स्वीकारल्या. हा अभ्यास १९९९मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातला ३६२चा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्याच रुग्णालयातला हृदयरुग्णांचा कक्ष जास्त मोलाचा वाटतो. तिथल्या राउंडला असा फार्मासिस्ट नव्हता आणि अपायांचं प्रमाण आधी १०.९ व नंतर १२.४, म्हणजे जवळपास होतं तसंच राहिलं. हा कक्ष मोजला नसता, तर दरम्यानच्या काळात सगळं रुग्णालयच सुधारलं असेल, अशी शंका कुणीही काढली असती.

तुलनेत आणखी एक अडचण असते. एका रुग्णाबाबत दिलेला सल्ला डॉक्टर पुढच्या रुग्णासाठीही वापरणारच; वापरायलाच हवा. मग एकाच डॉक्टरांचे निम्मे रुग्ण या गटात, निम्मे त्या गटात, अशी वाटणी करून काय साधणार? इंग्लंडमधल्या ‘पिन्सर’ अभ्यासाने म्हणून रुग्णांऐवजी अख्खे दवाखानेच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले. एकूण ७२ दवाखाने होते. काहींना धोकादायक औषधयोजनांची संगणकीय यादी तेवढी दिली. बाकीच्यांना यादी आणि सोबत फार्मासिस्टही दिला. अल्सर होऊन गेलेल्या रुग्णाला जठराचं संरक्षण करणाऱ्या गोळीविना वेदनाशामक देणं, दम्याच्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर देणं, अशा चुका सहा महिन्यांनी फार्मासिस्ट असलेल्या दवाखान्यांत कमी आढळल्या. यादी दोघांकडेही होती. तिच्यावर डॉक्टरांशी बसून बोलणारं माणूस एकीकडेच होतं.

तुलनेसाठी अपाय मोजायचे, तर प्रत्येक त्रास औषधाचाच की आजाराचा, हेही ठरवावं लागतं. त्यासाठी १९८१ची नारांजो मोजपट्टी अजून वापरली जाते. तिच्यात दहा प्रश्न आहेत आणि उत्तरांना गुण दिले जातात. त्रास औषधानंतर सुरू झाला का? औषध थांबवल्यावर ओसरला का? दुसरं कारण असू शकतं का? पुन्हा दिल्यावर त्रास परतला का, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. रुग्णाला मुद्दाम त्या त्रासात कोण ढकलेल? नऊ किंवा अधिक गुण मिळाले तरच ‘निश्चित’ म्हणता येतं, त्यामुळे बऱ्याच नोंदी ‘संभाव्य’पाशीच थांबतात. प्रामाणिक संशोधक तिथेच थांबतो, गुण वाढवत नाही.

आपल्याकडे २००८पासून फार्म.डी.चा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ही मुलं वॉर्डात केस पेपर चाळतात, रुग्णांशी त्यांच्या भाषेत बोलतात, डोसाची चूक हेरतात. त्यांची मेहनत पाहून मन भरून येतं. पण माझ्या पाहण्यातले बरेच प्रबंध किती अपाय, किती परस्परक्रिया, एवढी मोजणी करून संपतात. मोजणीही हवीच, पण तिथून पुढे दोन वॉर्डांची तुलना करायला काय लागतं? एथिक्स कमिटीची परवानगी, आधीच्या आणि नंतरच्या काही महिन्यांच्या नोंदी, आणि कोणत्या वॉर्डात फार्मासिस्ट होता हे ज्याला ठाऊक नाही असा तपासणारा. यातलं काहीच आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचं नाही.