जंतूंची घुसखोरी, व्हाया जालना!

जालना म्हटलं की काय आठवतं? स्टील, बियाणं आणि मोसंबी! पण यातल्या दोन गोष्टींचं नशीब डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंनी फिरवलंय, माहीत आहे का? कधी दुसऱ्याची पेशी फोडायची, कधी तिला आपल्या तालावर नाचवायचं, हा त्यांचा धंदा. चला, बघू या त्यांचे एकेक कारनामे!

सुरुवात बीटीपासून. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. 1901 मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या पटापट मरत होत्या, तेव्हा शिगेताने इशिवाता यांनी याला पकडलं. 1911 मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया भागात एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि त्यांनी त्याला त्या भागाचंच नाव दिलं. तेच नाव आज आपल्या कृषी सेवा केंद्रात तोंडी बसलंय!

अळीच्या पोटात नेमकं होतं काय? बीटी स्वतःबरोबर प्रथिनाचा स्फटिक घेऊन फिरतो. अळीचं आतडं अल्कधर्मी, त्यात तो विरघळतो. तिथले पाचक रस त्याचे तुकडे करतात आणि विष जागं होतं. मग ते आतड्याच्या पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला, म्हणजे कुलपाला किल्ली बसावी तसं, फिट्ट बसतं. पेशीला भोक! पाणी आत, पेशी फुटली. अळीचं खाणं काही तासांतच बंद. आपल्या पोटात मात्र आम्ल असतं, आणि ते कुलूपही नसतं.

आता जालना कनेक्शन! 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. 1998 चं वर्ल्ड फूड प्राइज त्यांना मिळालं. आणि मार्च 2002 मध्ये देशात ज्या पहिल्या बीटी कापूस वाणांना, म्हणजे बीटीच्या विषाचं जनुक बसवलेल्या कपाशीला, हिरवा कंदील मिळाला, ते याच महिकोचे होते.

मग या कपाशीवर गुलाबी बोंडअळी कशी काय माजली? तिने कुलूपच बदललं! भारतातल्या विष पचवणाऱ्या अळ्यांमध्ये त्या प्रथिनाच्या, म्हणजे कॅधेरिनच्या जनुकात बिघाड सापडले. किल्ली आली, पण बसेचना. 2006 मध्ये दुसरं जनुक जोडलेलं वाण आलं, अळीने तेही पचवलं. 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा फटका खाल्ला. कपाशीत पाकळ्या मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं फूल दिसलं की शेतकरी ओळखतो : डोमकळी! उकलून बघा, आत अळी पाकळ्या रेशमाने शिवून आरामात बसलेली असते. म्हणून तर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, घेऊ नका असं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. उभ्या पऱ्हाटीवर अळीचं पुढचं बिऱ्हाड थाटलं जातं.

दुसऱ्याच्या पेशीत चक्क स्वतःचं जनुक टाकणारा जिवाणू माहीत आहे का? नाव अॅग्रोबॅक्टेरियम. झाडाला जखम झाली की तिथून पाझरणाऱ्या रसायनांचा याला सुगावा लागतो. तो आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो, तिथे गाठ उगवते आणि त्या गाठीत झाड याच्यासाठी खास खाऊ बनवत बसतं! शास्त्रज्ञांनी याच्या डीएनएतला गाठीचा भाग काढला, हवं ते जनुक बसवलं आणि याला थेट कामाला लावलं. महिकोचं बीटी वांगं असंच घडलं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते आपल्याकडे थांबवलं गेलं, तर बांगलादेशात 2014 मध्ये लागवडही झाली. आपलं वांगं, भरीत त्यांचं!

एकादशीला रताळं खाता? मग ऐका! 2015 च्या एका अभ्यासात लागवडीच्या रताळ्याचे 291 नमुने तपासले, आणि सगळ्यांत अॅग्रोबॅक्टेरियमचा डीएनए सापडला. कुठली लॅब नाही, कुठली कंपनी नाही. निसर्गाचं जीएम!

माणसांकडे वळू या, पटापट. टायफॉइडचा साल्मोनेला आतड्याच्या पेशीत सुईने प्रथिनं टोचतो. पेशीच्या पातळ आवरणाला लाटा येतात आणि ती त्याला स्वतःच गिळून घेते. लिस्टेरिया पेशीचेच धागे शेपटीसारखे मागे लावून शेजारच्या पेशीत घुसतो, बाहेर पाऊलही न टाकता. टीबीचा जंतू, ज्या पेशीने त्याला मारायचं तिच्याच पोटात मुक्काम ठोकतो.

स्लो मोशनचा चॅम्पियन कोण? कुष्ठरोगाचा जंतू! एकाचे दोन व्हायला साधारण दोन आठवडे. त्याला गारवा आवडतो, म्हणून नाक, कानाच्या पाळ्या, बोटं अशा जागा धरतो. 2013 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की तो चेतातंतूंभोवतीच्या पेशींची ओळखच पुसतो आणि त्यांना मूलपेशींसारखं बनवतो.

आणि आता जालन्याची लाडकी मोसंबी, जिला जीआय टॅगचा मान आहे. तिचा वैरी ग्रीनिंग नावाचा रोग. सिट्रस सिला नावाचा इवलासा किडा कोवळी नवती शोषतो, आणि त्याच्यामार्फत या रोगाचा जिवाणू थेट झाडाची अन्नरस वाहणारी नळी गाठतो. झाड बचावासाठी नळीत चिकट पदार्थ भरतं आणि स्वतःचाच रस्ता अडवतं! पानात तयार झालेली साखर पानातच अडकते, मुळं उपाशी. फळ वेडंवाकडं, कडवट, एका बाजूने हिरवंच. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला, आणि तिथलं संत्र्याचं उत्पादन 90 टक्क्यांहून जास्त कोसळलं. औषध मारून झाड बरं झालं, असं अजून कुठेच जमलेलं नाही.

हा जिवाणू किड्याबरोबर येतो, तसाच कलमाच्या डोळ्यातूनही येतो. तेव्हा नवी बाग लावताना नर्सरीवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा : दादा, डोळे कुठल्या झाडावरून काढलेत, आणि ते मातृवृक्ष तपासलेत का?