‘आलोच’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मी संध्याकाळी घरीच मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतो. गेल्या पावसाळ्यात तास चालू असताना दाराची बेल वाजली. दाराजवळ बसलेली मुलगी पेशाने परिचारिका. परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होती. ती चटकन उठली आणि तेवढाच सराव म्हणून इंग्रजीत म्हणाली, “आय ॲम गोइंग टू ओपन द डोअर.” ती परत येऊन बसल्यावर मी तिला विचारलं, “घरी बेल वाजली तर आईला काय सांगशील?”

“मी बघते.”

“‘मी दार उघडणार आहे’ असं नाही सांगणार?”

ती हसली. “छे! आई विचारेल, कधी?”

तिचं इंग्रजी वाक्य व्याकरणात चोख होतं. पण ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटेल, की दार उघडायचं हिने आधीच ठरवून ठेवलं होतं. बेल ऐकून त्या क्षणी उठणारा माणूस ‘आय विल गेट इट’ म्हणतो. मराठीत हा फरक तिला न शिकवता कळतो. इंग्रजी बोलायची वेळ आली की मात्र हाच कान मिटतो, कारण तिथे तिला शाळेत पाठ केलेला बारा काळांचा तक्ता आठवतो. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची अडचण हीच असते. भविष्याबद्दल बोलायची जाण त्यांच्याकडे असते, आपल्या मराठीतूनच आलेली. आड येतात ते काही जुने गैरसमज.

‘इंग्रजीचा भविष्यकाळ म्हणजे विल’

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या अंगातच असतो: करीन, करशील, करील. इंग्रजी क्रियापदाला असं रूप नाही. ‘गो’चं भूतकाळी ‘वेंट’ होतं, पण भविष्यासाठी ‘गो’ला काहीही होत नाही. म्हणूनच रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचं १९८५ सालचं मोठं व्याकरण घ्या, नाहीतर हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ सालचं केंब्रिजचं व्याकरण घ्या, दोन्हींच्या मते इंग्रजी क्रियापदाला काळाची रूपं दोनच, वर्तमान आणि भूत. शाळेच्या परीक्षेत ‘फ्युचर टेन्स’ विचारला तर पुस्तकातलं उत्तर लिहावं, गुण घ्यावेत. बोलताना मात्र तो तक्ता बाजूला ठेवावा.

मग ‘विल’ म्हणजे काय? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता इच्छा असणं. ‘शॅल’चा अर्थ होता देणं लागणं, भाग असणं. ‘गोइंग टू’ तर सरळ सरळ चालत जाण्यातून आलं. कोणाला तरी भेटायला वाटेला लागलेला माणूस लवकरच भेटणार असतो, म्हणून वाट हळूहळू गळून गेली आणि बेत तेवढा उरला. आज ‘गोइंग टू’चं बोलीत ‘गॉना’ होतं ते फक्त बेताच्या अर्थी. पुण्याला चाललोय हे सांगताना ‘आय ॲम गॉना पुणे’ असं कोणीही इंग्रज म्हणत नाही.

इच्छा, बंधन, वाट. इंग्रजी माणूस उद्याविषयी बोलताना गोष्ट कधी घडेल हे तर सांगतोच, शिवाय ती कधी ठरली, किती पक्की झाली आणि कोणाच्या हातात आहे हेही सांगतो. आपणही नेमकं हेच करतो.

लग्नाची पत्रिका आली आहे. मित्र विचारतो, “येणार ना?” तुम्ही “येईन” म्हणालात तर तो मनात म्हणतो, याचं काही खरं नाही. “येणार आहे” म्हणालात तर बेत झाला, एवढं त्याला कळतं. “येतोय” म्हणालात तर त्याने तुमचं ताट धरलं. रजा टाकली असेल, तिकीट काढलं असेल. आता हीच तीन उत्तरं इंग्रजीत ठेवून बघा: ‘आय विल कम’, ‘आय ॲम गोइंग टू कम’, ‘आय ॲम कमिंग’. तिन्ही जोड्या सगळीकडे तंतोतंत बसतील असं मी म्हणणार नाही. ‘विल’मध्ये ‘येईन’पेक्षा वचनाचा जोर अधिक असू शकतो आणि तो बराचसा आवाजावर ठरतो. पण पायऱ्या त्याच आहेत. आणि आमच्या माणसांची नेहमीची चूक अशी, की तिकीट हातात असलेला माणूसही ‘आय विल कम’ म्हणतो. त्याला म्हणायचं असतं ‘येतोय’, समोरच्याला ऐकू येतं ‘बरं, येईन’.

याच्याही वरची एक पायरी आहे, वेळापत्रकाची. ‘डेक्कन क्वीन लीव्हज पुणे ॲट सेव्हन फिफ्टीन टुमॉरो.’ साधा वर्तमानकाळ, कारण हे कोणा एकाच्या मर्जीवर नाही. आपणही म्हणतो, “गाडी उद्या सव्वासातला सुटते.” शाळा, सिनेमे, विमानं, परीक्षा, सगळ्यांना हेच लागू.

‘जवळचं असेल तर गोइंग टू, लांबचं असेल तर विल’

हा नियम कुठून निघाला कोण जाणे, पण तो खोटा आहे. दाराची बेल आत्ता वाजली, तरी तिथे ‘विल’. पाच वर्षांची पोर ‘मोठेपणी मी डॉक्टर होणार’ म्हणते, तिथे वीस वर्षं लांब असूनही ‘गोइंग टू’. अंतराचा काही संबंध नाही, आधी ठरलेल्या बेताचा किंवा पुराव्याचा आहे. घाटावर काळंकुट्ट आभाळ दाटून आलं, वारा पडला, की आपण म्हणतो, “पाऊस येणार.” ते ‘इट इज गोइंग टू रेन’. नुसताच अंदाज असेल तर “उद्या येईल बहुतेक”, आणि ते ‘आय थिंक इट विल रेन टुमॉरो’.

‘भविष्याचं वाक्य, म्हणजे दोन्हीकडे विल हवंच’

‘इफ इट विल रेन’, ‘व्हेन आय विल रीच’. मुलाखतीत, पत्रात, फोनवर सर्रास ऐकू येणारी ही चूक आहे आणि मला ती सर्वांत जास्त खटकते, कारण मराठी माणसाने ती करायचं काहीच कारण नाही. प्रवासाला निघताना आपण घरी काय सांगतो? “पोचलो की फोन करतो.” नीट बघा. पोचणं अजून व्हायचंय, तरी ‘पोचलो’ हा भूतकाळ. फोन करणं त्याच्याही पुढचं, तरी ‘करतो’ हा वर्तमानकाळ. पूर्ण वाक्य उद्याचं आणि भविष्यकाळाचं एकही रूप नाही! “पाऊस आला तर सामना होणार नाही” यातही अट भूतकाळात आहे. मराठी अटीसाठी बहुधा भूतकाळ घेते, इंग्रजी वर्तमानकाळ: ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल’, ‘इफ इट रेन्स’. अटीच्या भागात भविष्यकाळ लागतोच असं नाही, हे दोन्ही भाषांना मान्य आहे.

असंच उलटंही होतं. “तो आत्ता घरी असेल” यातलं ‘असेल’ रूपाने भविष्य, अर्थाने आत्ताचा तर्क. इंग्रजीतही ‘ही विल बी होम बाय नाऊ’. आणि “तुलाच फोन करणार होतो” हे ‘आय वॉज गोइंग टू कॉल यू’ यात शब्दाला शब्द बसतं. पुष्कळदा तो फोन झालेला नसतो, ही त्यातली गर्भित कबुलीसुद्धा दोन्हीकडे सारखीच. इथे ‘आय वुड कॉल यू’ म्हणू नये, त्याचा अर्थ वेगळा होतो.

‘आय, वी असेल तर शॅल’

हा नियम आपल्या आजोबांच्या पिढीने घोकला, वडिलांच्या पिढीने घोकला. १६५३ साली जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिन भाषेत, परकीयांना इंग्रजी शिकता यावी म्हणून. आडव्या आठासारखं अनंताचं चिन्ह गणितात आणणारे गणिती ते हेच. साधं भविष्य सांगताना ‘आय’ आणि ‘वी’बरोबर शॅल, बाकीच्यांबरोबर विल, असं त्यांनी लिहून ठेवलं आणि पुढच्या व्याकरणकारांनी ते उचललं. इंग्लंडातल्या सगळ्या लोकांचं बोलणं त्या चौकटीत कधीच बसलं नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेत तर ती चौकट फारशी पाळलीच गेली नाही. आज ‘आय विल’ सगळीकडे शुद्ध आहे.

‘शॅल’ मेला मात्र नाही. ‘शॅल आय क्लोज द विंडो?’ म्हणजे “खिडकी लावू का?” आणि ‘शॅल वी गो?’ म्हणजे “निघायचं का?” ही दोन वाक्यं पाठ झाली की रोजच्या बोलण्यातला शॅल संपला. दुसरं त्याचं घर कायद्यात. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात पानोपानी शॅल आहे. तो बंधन घालतो, भविष्य सांगत नाही. सरकारी मराठीत ‘हा नियम लागू राहील’ असं लिहितात, त्यातल्या ‘राहील’सारखाच.

‘प्रीपोन ही चुकीची इंग्रजी’

या शब्दावरून माणसांना कमीपणा वाटायला लावतात, ते मला मान्य नाही. हा शब्द भारतात रुळला, ऑक्सफर्डच्या कोशात त्याची नोंद आहे आणि तो एक खरी गरज भागवतो. बुधवारची बैठक ‘मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज’ असं सांगितलं तर ती सोमवारी की शुक्रवारी? मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न इंग्रजी भाषकांनाच विचारून पाहिला, आणि उत्तरं दोन्ही आली. ‘प्रीपोन’ला असा घोळ नाही. लंडनच्या माणसाशी बोलताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा, कारण त्याला प्रीपोन ओळखीचा नसेल. चूक म्हणून नव्हे.

‘वाक्प्रचार जितके भारी, तितकी इंग्रजी चांगली’

वाक्प्रचारांची जाड पुस्तकं विकत घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि पहिलं वाक्य टाकतात ते ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. आजच्या इंग्रजी बोलण्यात हा वाक्प्रचार क्वचितच येतो. लोक ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. त्याची एक जन्मकथाही मोबाइलवर फिरते, की पूर्वी गवताने शाकारलेल्या छपरांवर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची. ही कथा विसाव्या शतकाच्या शेवटी ईमेलमधून पसरलेली थाप आहे. सतराव्या शतकात रिचर्ड ब्रोम यांच्या एका नाटकात असाच पाऊस आहे, पण तिथे कुत्र्यांबरोबर मांजर नाही, पोलकॅट नावाचा मुंगसासारखा प्राणी आहे. आजच्या रूपात तो जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ सालच्या पुस्तकात सापडतो. खात्रीलायक उगम कोणालाच सांगता आलेला नाही.

‘वन्स इन अ ब्लू मून’चंही तसंच. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरी ‘ब्लू मून’, आणि त्यावरून हा वाक्प्रचार, असं सांगतात. प्रत्यक्षात क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकातच रूढ होता. दुसऱ्या पौर्णिमेची व्याख्या आली १९४६ साली, ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातल्या एका लेखातल्या चुकीमुळे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या एका शेतकरी पंचांगात एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या तर त्यातल्या तिसरीला ‘ब्लू मून’ म्हणत. लेखकाने त्याचा अर्थ वेगळा लावला. मासिकाने १९९९ साली ती चूक स्वतःच दुरुस्त केली. मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट आवडेल. ही जादा पौर्णिमा साधारण १९ वर्षांत ७ वेळा येते. आपला अधिक मासही १९ वर्षांत ७ वेळा. सूर्य आणि चंद्र यांच्या वर्षांतला तोच फरक, तोच हिशेब. इंग्रजीत ‘ब्लू मून’ दुर्मीळपणासाठी वापरतात; आपण अधिक मासातून उपासमारीच्या वर्षात आणखी एक महिना काढायची धास्ती टिपली आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हटलं.

खरोखर उपयोगी पडतात ते छोटे, साधे वाक्प्रचार. कशाची शक्यता दिसत असेल तर ‘ऑन द कार्ड्स’, अमेरिकेत ‘इन द कार्ड्स’. काम हाती घेतलंय पण पुरं व्हायचंय, तर ‘इन द पाइपलाइन’. दृष्ट लागू नये म्हणून ‘टच वुड’, अमेरिकेत ‘नॉक ऑन वुड’. यातले काही वाक्प्रचार तर भविष्याचं व्याकरणच पोटात घेऊन फिरतात. “तेव्हाचं तेव्हा बघू” याला इंग्रजीत ‘वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट’ म्हणतात. बघा, ‘व्हेन’नंतर ‘कम’ आहे, ‘विल कम’ नाही. आपल्या ‘बाजारात तुरी’ला जवळचं ‘डोन्ट काउंट युवर चिकन्स बिफोर दे हॅच’. तिथेही ‘हॅच’, ‘विल हॅच’ नाही. ही दोन वाक्यं तोंडात बसली की ‘व्हेन आय विल रीच’ म्हणताना जीभ आपोआप अडखळते. मी नियम शिकवण्याआधी हेच शिकवतो.

तुम्ही शिकत असाल तर आठवडाभर एवढंच करा. घरातली माणसं उद्याविषयी काय बोलतात ते कान देऊन ऐका आणि वहीत मराठीतच लिहा: येईन, येणार आहे, येतोय, आलो की सांगतो, करणार होतो. इंग्रजी वाक्य त्यानंतर शेजारी लिहा.

त्या परिचारिकेने तशी वही केली. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं ‘आलेच’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. क्रियापद भूतकाळात, माणूस अजून स्वयंपाकघरातच. याला इंग्रजीत ‘कमिंग’ म्हणतात. एकच शब्द, आणि त्यात ‘विल’ नाही.