इसे-शिमा : एका दमातला समुद्र

पाण्यातून डोकं वर येतं आणि त्याबरोबर एक लांब, बारीक शीळ ऐकू येते. पन्नासेक सेकंद रोखलेला श्वास एकदम न सोडता ओठांतून हळूहळू सोडायचा, त्याचा हा आवाज. शीळ घालणारी बाई बहुतेक वेळा साठी-सत्तरी ओलांडलेली असते. कंबरेला वजनं, हातात खडकावरून शिंपला उचकटायचं लोखंडी हत्यार. प्राणवायूची टाकी नाहीच. क्षणभर तरंगून ती पुन्हा बुडी मारते.

या पाणबुड्या बायकांना ‘आमा’ म्हणतात. जपानच्या किई द्वीपकल्पाच्या पूर्व टोकाला, मिए प्रांतातल्या इसे-शिमा भागात, तोबा आणि शिमा ही त्यांची गावं. देशातल्या सर्वांत जास्त आमा आजही इथेच आहेत. त्यांची खरी कमाई म्हणजे आवाबी, खडकाला घट्ट चिकटून बसणारा महागडा शिंपला. पण १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान आवाबी सापडला, तर तो परत समुद्रात सोडावा लागतो. बुडी कोणत्या दिवशी आणि किती वेळ मारायची, हेही ठरलेलं. टाकी पाठीला बांधली असती तर हे खडक केव्हाच रिकामे झाले असते. माणसाच्या दमाची मर्यादा हीच समुद्राची राखण ठरली, ही या किनाऱ्याची सगळ्यात मोलाची गोष्ट.

आमांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर दोन खुणा शिवलेल्या असतात. एक तारा, तो एकाच रेघेत काढतात आणि रेघ सुटली तिथेच परत येते. बुडी मारणारीही तशीच सुखरूप वर यावी म्हणून. दुसरी खूण जाळीची, अशुभाला अडवणारी.

इथला आवाबी देवाच्या नैवेद्यातही जातो. कुझाकी गावात तो पातळ पट्ट्यांत कापून, वाळवून इसेच्या महामंदिरात पाठवतात. सूर्यदेवता आमातेरासूचं हे मंदिर जपानमधलं सर्वांत पूज्य स्थान. इसुझू नदीवरचा लाकडी उजी पूल ओलांडला की उंच देवदारांखालची खडीची वाट सुरू होते. मुख्य गाभारा कुंपणाआड असतो. बाहेरून दिसतं ते जेमतेम छप्पर. दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब तसंच नवं मंदिर उभं राहतं आणि देवता तिथे राहायला जाते. इसवी सन ६९० मध्ये सुरू झालेली ही प्रथा मधल्या युद्धकाळात शतकाहून अधिक काळ खंडित होती, पण पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये बासष्टावी खेप झाली, पुढची २०३३ मध्ये. त्यामुळे सुतारांच्या प्रत्येक पिढीला ते मंदिर स्वतःच्या हातांनी बांधायला मिळतं. जुनं लाकूडही वाया जात नाही. गाभाऱ्याचे खांब उजी पुलाच्या प्रवेशकमानींना वापरतात.

जवळच फुतामीच्या किनाऱ्यावर ‘नवरा-बायको’ खडक आहेत. त्यांना जोडणारा गवती दोर वर्षातून तीनदा बदलतात. उन्हाळ्यात, सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास, सूर्य नेमका दोघांच्या मधून उगवतो.

तोबाचं नाव मोत्यांशीही जोडलेलं आहे. उदोन शेवयांचं दुकान चालवणाऱ्याचा मुलगा कोकिची मिकीमोतो याने १८९३ मध्ये इथल्या बेटावर शिंपल्यातून अर्धगोल मोती पिकवला. पुढे गोल मोतीही साधला आणि विसाव्या शतकात आखाती मोत्यांचा व्यापार कोसळला. त्या व्यापाराची मोठी पेठ मुंबई होती, त्यामुळे तोबाच्या प्रयोगाची झळ मुंबईच्या जव्हेऱ्यांनाही बसली. आज आगो उपसागरात साठेक लहान बेटांमध्ये मोत्यांचे तराफे पसरलेले असतात. योकोयामाच्या टेकडीवरून ते सगळे एका नजरेत येतात.

समुद्र मात्र बदलतो आहे. पाणी तापल्याने समुद्री शेवाळाची रानं विरळ झाली, त्यावर जगणारा आवाबी घटला. २०१९ मध्ये मोत्याचे कोवळे शिंपले मोठ्या संख्येने मेले. महायुद्धानंतर हजारोंनी असलेल्या आमा आता काही शेंवर आल्या आहेत आणि तरुण मुली या कामाकडे क्वचितच वळतात.

नागोयाहून किन्तेत्सू कंपनीची गाडी इसेला साधारण दीड तासात पोहोचवते, पुढे तोबा. तिथल्या ओसात्सू गावात आमांच्या झोपड्यांमध्ये पाहुण्यांना बसता येतं. पाण्यातून गारठून आलेल्या बायका ऊब घ्यायच्या ती जागा ही. मधल्या विस्तवावर शिंपले भाजत त्या स्वतःच वाढतात आणि विचारलं तर समुद्राबद्दल भरभरून बोलतात. आधी जागा राखून ठेवावी.